विरजणाच्या खोलीचा नियम

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून कितीदा उभी राहिले — तिच्यापुढं तरी? तिथंही नाही. तिथून दरवेळी दुसरंच काहीतरी मागून परत आले. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखत असलात, तर चुकीचं ओळखता. कदाचित माझं भाषण ऐकलं असेल, टाळ्याही वाजवल्या असतील. त्या भाषणात जे गाळलं, ते सांगायचंय. पण एकदम नाही जमायचं. जरा वळसे घेत येते.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. जिवाणूंवर पीएच.डी. केलेली बाई. कोल्हापूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, एका कुटुंबाची खाजगी डेअरी होती — नाव सांगत नाही — तिथं उमेदीची सगळी वर्षं काढली. रुजू झाले तेव्हा अधिकाऱ्यांत मी एकटी बाई. बायकांसाठी बाथरूमसुद्धा नव्हतं. मालकांच्या पाहुण्यांसाठी एक होतं, त्याची किल्ली वॉचमनकडं. ती देताना तो अख्ख्या गेटला ऐकू जाईल असा ‘मॅडम, किल्ली’ म्हणायचा. मी पहिले काही महिने पाणी पिणंच कमी केलं होतं.

चव्हाण साहेब आमच्या लॅबचे प्रमुख. मुलाखतीत त्यांनी जिवाणूंवर एकही प्रश्न विचारला नाही. लग्न ठरलंय का, सासर कुठलं, उशीर झाला तर न्यायला कोण येणार — संपली मुलाखत. तरी मला घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, काम त्यांनीच शिकवलं. कॉलेजात शिकलेलं सगळं एकीकडं आणि हजारो लिटर दूध समोर नासायला लागलं की काय करायचं, हे एकीकडं. ते त्यांनी हाताला धरून दाखवलं. माझा भाऊ लहानपणीच गेलेला. दर भाऊबीजेला मी साहेबांना ओवाळायची. ‘ही माझी धाकटी बहीण,’ असं ते चारचौघांत सांगायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

पाहुणे आले की मात्र बहिणीच्या हातात आरतीचं ताट. मिटिंगमध्ये चहा आला की सगळे माझ्याकडं बघायचे, जणू किटली आणि मी एकाच खात्यातल्या. मी काही सुचवलं तर कुणी मान वर करायचं नाही. तेच थोड्या वेळानं रणजितनं म्हटलं — रणजित म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेला — की ‘बरोबर हाय’ व्हायचं. हे तुम्हाला नवीन नाही. नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती याहून वाईट सांगेल. मी काय केलं? हसले. त्यांच्या विनोदांवर त्यांच्याआधी हसायला शिकले. बायकांवरच्या विनोदांवर तर जरा जास्तच. ‘मॅडम आपल्यातल्या हायत,’ असं कुणी म्हटलं की दिवस बरा जायचा. आता हे लिहितानाही लाज वाटते.

विरजणाच्या खोलीविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरी आपण कालच्या दह्याचा चमचा दुधात घालतो, झालं. डेअरीत रोज एकसारखं दही लागायला हवं, म्हणून निवडक जिवाणू वेगळे जपावे लागतात. ते जपायची एक बंद खोली असते. कागदावर कल्चर रूम, सगळ्यांच्या तोंडी विरजणाची खोली. तिथं निर्जंतुक दुधात ताजं विरजण तयार करायचं आणि तेच मग मोठ्या टाक्यांना घालायचं. ती खोली बिघडली की सगळी डेअरी बसली. ती माझ्या ताब्यात होती.

आणि विरजण म्हटलं की बायकांची पाळी आलीच. त्या दिवसांत विरजणाला, लोणच्याला हात लावायचा नाही. आमच्या घरीही तेच. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवायची. डेअरीत बाबासो नावाचे एक जुने ऑपरेटर होते, माणूस मनानं भला, पण मी आल्याच्या पहिल्या महिन्यातच पुटपुटायला लागले — बाईमाणूस त्या खोलीत बरं न्हवं. मी मुद्दाम नेमकं त्या दिवसांत स्वतः विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी ते दही कँटीनमध्ये सगळ्यांच्या ताटात पडलं, सगळ्यांनी ओरपलं, बाबासोंनी दोनदा मागून घेतलं. मग मी उभी राहिले आणि सांगितलं, ‘हे दही मी लावलंय, आणि मला काल पाळी आली होती.’ एकजण ताटावरून उठला. बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. दही गोड होतं, काय करणार? त्यानंतर कित्येक वर्षं त्या विषयाचं डेअरीत नाव निघालं नाही. मला अजूनही त्या दुपारचा अभिमान वाटतो. वाटू नये, पण वाटतो.

सुप्रिया मगदूम आली ती बऱ्याच वर्षांनंतर. पेठ वडगावची, शेतकरी घरातली, एम.एस्सी. झालेली. एवढ्या वर्षांत माझ्या लॅबमध्ये मला मिळालेली पहिली बाईमाणसाची सोबत. तिचा हात फार नेटका. फ्लास्कचं तोंड उघडताना श्वास रोखून धरायची, तसं कर म्हणून तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर कच्ची नोकरी आणि मग कायम, असं ठरलेलं. त्या कायम होण्यावर तिचं सगळंच अडकलेलं. वडिलांनी सांगितलं होतं, नोकरी पक्की झाली तर स्थळं बघायचं थांबवतो, नाहीतर या उन्हाळ्यात बार उडवायचा. तिला पुढं शिकायचं होतं. माझ्यासारखी पीएच.डी. करायची होती. हे ती माझ्याकडं बघून म्हणायची, तेव्हा मला आतून फुलून यायचं.

एकदा डबा खाताना म्हणाली, ‘मॅडम, घरी चार दिवस मला भांड्यालासुद्धा शिवू देत न्हाईत ओ. हितं कोण इचारतच न्हाई. त्या दिवसांत तर मी सुट्टीच घेत न्हाई.’ मी तिला कँटीनची गोष्ट सांगितली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

बघा, अजून मी वळसेच घेतेय. असो. पाडवा तोंडावर आला होता. पाडव्याला कोल्हापुरात श्रीखंड किती खपतं, हे तुम्हाला सांगायला नको. मालकांनी चक्क्यासाठी नवा विभाग बांधला होता आणि त्याचं उद्घाटन नेमकं तेव्हाच ठेवलं. बडे पाहुणे येणार होते. चव्हाण साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं, मॅडम, काठापदराची साडी नेसून या, औक्षण तुमच्याकडं. मी म्हटलं, साहेब, उद्या मला ताजं विरजण लावायचंय. तर म्हणाले, ‘मग? औक्षणाला किती वेळ लागतोय? का रणजितला ताट घिऊन उभा करू?’ सगळे हसले. मीही.

चक्का म्हणजे दही फडक्यात टांगून त्यातलं पाणी निथळू द्यायचं. नव्या विभागात काम आधीच सुरू झालेलं, ते पाणी फरशीवरून नुसतं वाहत होतं. पाहुण्यांना उशीर झाला. मी ताट घेऊन त्या पाण्यात उभी. साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत भिजल्या, जड झाल्या, पायाला चिकटायला लागल्या.

इथं थोडं शास्त्र येतं. जिवाणूंनाही रोग होतो. फाज नावाचे विषाणू असतात, ते दह्याच्या जिवाणूंचा फडशा पाडतात, आणि चक्क्याच्या पाण्याइतके ते दुसरीकडं कुठं क्वचितच सापडतात. म्हणून आमच्या धंद्यात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. चक्क्याकडून आलेल्या माणसानं कपडे, चपला, सगळं बदलल्याशिवाय विरजणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. डेअरीत हा नियम शिकवायचं काम कुणाचं? माझं. बाबासोंना मी एकदा ऐन घाईत याच कारणावरून दारातनं परत पाठवलं होतं.

औक्षण झालं, फोटो झाले. विरजणाची वेळ टळत चाललेली. साहेब म्हणाले, जावा जावा, तेवढं उरकून या, पाहुणे जेवायला थांबणार आहेत. कपाटात माझा धुतलेला ड्रेस होता. पण साडी सोडायची, ड्रेस घालायचा, मग पाहुण्यांपुढं यायला परत साडी नेसायची — मला कंटाळा आला. कंटाळाच, दुसरा शब्द नाही. वरून ॲप्रन चढवला आणि तशीच आत गेले. सुप्रिया आत होती. त्याच सकाळी तिनं माझ्याकडून पोटदुखीची गोळी मागून घेतली होती, हळूच, कानाशी येऊन. तिचं सगळं लक्ष फ्लास्कवर. मी तिला म्हटलं, तू धर, मी ओतते.

मला साडी नेसायला लावली ती त्यांनी. शास्त्रज्ञ बाईला ताट घेऊन पाण्यात उभं केलं ते त्यांनी. हे सगळं खरं आहे आणि ते मी पुढं खूप ठिकाणी सांगितलंय. पण कपाट हाताशी होतं. कपडे बदलले नाहीत ते मी.

मग दही लागेना. टाक्याच्या टाक्या, दूध जसंच्या तसं, पातळ, कोमट. ऐन पाडव्याच्या तोंडावर. दुकानदारांचे फोन, मालकांच्या बंगल्यावरून फोन. मी पहिल्या टाकीचं झाकण उचललं आणि मला कळलं. असं फाजनंच होतं. झाकण हातात धरून मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या ओल्या निऱ्या आल्या. तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, सांगू नका.

केबिनमध्ये मालक होते, चव्हाण साहेब, रणजित, आणि दारात बाबासो. मालकांनी विचारलं, आत कोण होतं. मी म्हटलं, मी आणि सुप्रिया. ‘मग झालं काय? तुमी एवढं शिकलाय, तुमीच सांगा की.’ पाडव्यानंतर साहेब वर सरकणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर माझं नाव होतं, जवळजवळ ठरलेलं. एक बाई लॅबची प्रमुख. एवढ्या वर्षांची किल्ली, किटली, ताट — सगळं त्या खुर्चीसाठी गिळलेलं. आणि आता मी म्हणणार, की मी ओल्या साडीनं आत गेले? बायका तशाच, साडी सांभाळतील का विरजण — हेच ऐकायला मिळालं असतं ना?

आता आले त्या जागेपाशी.

मी म्हणाले, ‘सुप्रियाला त्या दिवशी पाळी आली होती.’

एवढंच. त्यामुळं दही बिघडलं, असं मी म्हणाले नाही. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुणी मला खोटारडी म्हणू शकणार नाही, एवढी काळजी मी त्या क्षणातही घेतली — विचार करा, त्या क्षणातही. मालकांनी नुसतं ‘हां’ म्हटलं. साहेब माझ्याकडं बघत होते. बाबासो दारातनं म्हणाले, ‘मॅडमच म्हणत्यात म्हंजे…’ माझ्या हातचं दही ज्यानं दोनदा मागून खाल्लं होतं, त्याला आज मीच सांगत होते की त्याचंच खरं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मालक हसले असते. मी म्हटलं म्हणून ते खरं झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती.

सुप्रियाला कायम केलं नाही. कारण तोंडावर कुणी सांगितलं नाही, पण चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष तिच्याकडं बघून आपसात काहीतरी म्हणायचे. शेवटच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ती माझ्यापाशी आली. रडत नव्हती, तोंड नुसतं पांढरं पडलेलं. मला विचारलं, ‘मॅडम, त्यांना कसं कळलं ओ? मी तुमच्याशिवाय कुणालाच बोलले नव्हते.’

इथं तरी सांगता आलं असतं. ती मला विचारत होती, माझ्यावर आळ घेत नव्हती. तिच्या मनात तो विचार आलाच नव्हता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, ‘आक्काताई साफसफाईला येतात की इथं. बायकांच्या जिभेला कुठं हाड असतंय?’ आक्काताई म्हणजे आमच्याकडं फरशा पुसणारी, तोंडातून चकार शब्द न काढणारी विधवा बाई. शिवाय मी सुप्रियाला सांगितलं की तुझ्यासाठी मी मालकांशी भांडले, पण ऐकलं नाही कुणी. तिनं माझा हात घट्ट धरला. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी अहेर घेऊन गेले होते.

माझी शिक्षा काही लांब नव्हती. आठवडाभरात साहेबांनी नियम काढला. लिहून नव्हे, तोंडी. बायकांनी त्या दिवसांत विरजणाच्या खोलीत जायचं नाही. मला वाटलं, हा आता येणाऱ्या मुलींसाठी असेल. मी तर मॅडम. मी तर त्यांच्यातली. मग एका सकाळी खोलीच्या दारात बाबासो आडवे उभे. मान खाली, कान लाल झालेले. म्हणाले, ‘मॅडम, आज चालतंय न्हवं तुमाला? साहेबांनी इचारायला सांगितलंय.’ दर महिन्याला, अख्ख्या विभागासमोर, एका पुरुषानं मला ते विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. मी साहेबांकडं धावत गेले. ते फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, ‘तुमीच न्हवं काय सांगितलंत? आता तुमालाच कसा वगळू?’

खुर्चीही गेली. ती रणजितला मिळाली. मालकांनी मला समोर बसवून, चहा पाजून समजावलं, की मॅडम, तुम्ही हुशार आहात यात वादच नाही, पण महिन्यातले चार दिवस ज्या प्रमुखाला स्वतःच्याच खोलीत जाता येत नाही, त्याचं आम्ही करायचं काय? ज्या कारणानं मी त्या मुलीला बाहेर काढलं, तेच उचलून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं होतं. माझ्या बाजूनं एकही तोंड उघडलं नाही. साहेबांचंही नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मी गेले नाही, आणि त्यांनीही का आला नाहीत म्हणून विचारलं नाही. मला फसवलं त्यांनी. हे मी त्या दिवसापासून म्हणत आले. भाऊ म्हणवून घेतलं आणि फसवलं. उशीला डोकं टेकलं की तेच, अंगणात कपडे वाळत घालताना तेच.

पण खरं फसवणं मला निवृत्तीच्या जेवणात कळलं. साहेबांच्या निवृत्तीच्या. पंगत उठल्यावर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, पान जमवलं, अगदी खुशीत होते. म्हणाले, ‘मॅडम, एक सांगू? तुमच्या साडीतनं त्या दिवशी चक्क्याचं पाणी गळत हुतं. तुमी तशाच आत गेलासा. मी बघितलेलं की.’ मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ‘मी कशाला बोलू? चालू विभागात उद्घाटन ठेवायचं माझ्याच डोक्यातनं निघालेलं. मालक मलाच धरणार हुते. तुमी आयतं कारण दिलंसा.’ आणि माझ्या पाठीवर थोपटलं, मोठ्या भावानं थोपटावं तसं.

किती राग आला सांगू? एवढी वर्षं या माणसाला सगळं ठाऊक होतं. ज्या नियमाखाली त्यानं मला दर महिन्याला उभं केलं, तो खोटा आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. घरी येऊन मी भांडी आपटली, जेवले नाही. आणि भांडी आपटता आपटता एक प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला — मला राग नेमका कशाचा आला होता? माझ्या तावडीतून त्या मुलीला सोडवायला तो आला नाही, याचा? मी त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. रागावलेलं राहणं जास्त सोपं होतं.

मग तो राग मी वापरला. नोकरी सोडली, कॉलेजात शिकवायला लागले, आणि एका महिला दिनाला राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये भाषण केलं. किल्लीची गोष्ट सांगितली, किटलीची, औक्षणाच्या ताटाची. कँटीनमधल्या दह्याची सांगितली तेव्हा हॉल हसून कोसळला. आणि मग दारात आडव्या उभ्या राहिलेल्या बाबासोंची सांगितली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. हा नियम आला कुठून, असं कुणी विचारलं नाही. असे नियम कुठूनही येतात, पुरुषांनी केलेले असतात, असंच सगळ्यांनी धरलं. मी धरू दिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, माईकवरून. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि ते भाषण खूप फिरलं.

फिरत फिरत ते सुप्रियाकडं गेलं. तिचा फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. ‘मॅडम, भाषण बघितलं. पोरींना वर्गात लावून दाखवलं.’ ती राजारामपुरीतच राहत होती. घरच्या हॉलमध्ये दहावी-बारावीच्या मुलींना विज्ञान शिकवत होती. पीएच.डी. राहून गेलेली. चहाला या म्हणाली. मी गेले. आणि खरं सांगते, सांगायचं ठरवूनच गेले. रिक्षात बसून पहिलं वाक्य जुळवत होते.

तिनं मला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली सतरंजीवर बसली. शिकवणीच्या दोन मुली थांबल्या होत्या, त्यांना म्हणाली, ‘ह्या त्या मॅडम. माझ्यासाठी मालकांच्या तोंडावर भांडल्या होत्या.’ त्या मुली माझ्याकडं बघत राहिल्या. त्या गेल्यावर तिनं आक्काताईंचं सांगितलं. जोतिबाच्या पायऱ्यांवर एकदा समोर आल्या होत्या, ‘सुप्रियाताई’ म्हणून हाक मारली त्यांनी. ‘मी तोंड फिरवलं मॅडम. पुढं कळलं, त्या वारल्या. पण मला न्हाई वाईट वाटलं.’ मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. इतक्यात ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आतून लेकीला हाक मारली, दूध कोमट झालंय, जरा विरजण लाव गं.

बाहेर आली ती ओशाळं हसत. म्हणाली, मी चार दिवस लावत नाही. शिकवते काय आणि करते काय, असं म्हणाल तुम्ही. मला सगळं ठाऊक आहे, मुलींना तर मी तुमची कँटीनची गोष्ट सांगते, पण विरजणाचा चमचा घेतला की हात थांबतो. एवढ्या लोकांचा पाडवा माझ्यामुळं बिघडला, आणि तेव्हापासून वाटतं, असेलही काहीतरी. मग माझ्याकडं सरळ बघून तिनं विचारलं, अगदी विद्यार्थिनीनं विचारावं तसं, ‘मॅडम, त्या वेळी खरंच कशानं बिघडलं असेल ओ?’

सगळ्या जगात त्याचं उत्तर माहीत असलेली माणसं दोनच. एक तिच्यासमोर बसलेलं.

मी म्हणाले, ‘सांगता येत नाही गं. कशानंही होतं.’

तिनं मान हलवली. आतून तिच्या मुलीनं पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मी चहा संपवला, साखर बरोबर पडलीय म्हणाले, आणि उठले. ती मला सोडायला खाली रस्त्यापर्यंत आली. रिक्षा थांबवली, आणि भर रस्त्यात वाकून तिनं माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. मी करू दिला.